जिन्याची वरची पायरी

"अण्णा, पाय जरा हळू टाका ना."

एवढंच म्हणाले होते मी. आवाज चढवला नव्हता. कपाळाला आठी होती की नव्हती, ते आता सांगता येत नाही. माडीवर रेकॉर्ड लागली होती, खिडकीतून पावसाळी गार वारा येत होता आणि अण्णा जिना चढून वर येऊन खोलीच्या मधून आपल्या आरामखुर्चीकडे निघाले होते. गेल्या वर्षी डाव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा डावा पाय बेताने उचलला जातो, पण टेकतो तो अंगाचा सगळा भार घेऊन. तो टेकला, फळ्या हलल्या, प्लेअरचं टेबल हललं आणि सुई उडाली. अब्दुल करीम खाँसाहेबांचा वर चढत चाललेला सूर मधेच तुटला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन पडला. त्या एलपीवर मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचं गाणं आहे. एकेक राग तीन-सव्वातीन मिनिटांचा. तीन मिनिटांतली चार सेकंदं गेली तर फार जातं. मी ते वाक्य बोलले आणि अण्णा होते तिथेच थांबले, एक पाय पुढे, हात खुर्चीच्या दिशेने. ती बाजू संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग "छान होतं" म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते नेहमीसारखे वर आले, पण खोलीत आले नाहीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, कठड्याला पाठ टेकून. "इथं वारा चांगला लागतो," म्हणाले.

आमच्या जिन्यात वारा नसतो.

तो प्लेअर मी अण्णांसाठीच घेतला होता. आई गेल्यानंतर बदली मागून मी मिरजेला परत आले, तेव्हा माडीवरच्या कपाटात साठ-पासष्ट एलपी तशाच उभ्या होत्या, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेल्या. बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरच्या पगारातून एकेक करून घेतलेल्या. 1972च्या दुष्काळात अण्णा जतकडे रस्त्याच्या कामावर होते. खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी मांडून, धुळीने भरून महिन्यातून एकदा घरी यायचे. तेव्हा आजी म्हणायची, "याला जेवण नको, आधी ती पेटी लावून दे." ती रेकॉर्ड वाजवायची पेटी पुढे बिघडली, दुरुस्त करणारा माणूस मिळेना, मग कॅसेट आल्या, मग मुलांची शिक्षणं आली. वीस-बावीस वर्षं त्या रेकॉर्डना कुणी हात लावला नव्हता. नवा प्लेअर आला त्या संध्याकाळी अण्णांनी पहिली रेकॉर्ड कव्हरमधून काढली, ती दोन्ही तळहातांनी कडेकडेने धरून, प्रकाशात तिरकी करून पाहिली, आणि त्यांचा हात इतका कापत होता की सुई मी टेकवली. खाली रस्त्यावर रिक्षा आणि हॉस्पिटलांच्या गाड्यांची वर्दळ असते, म्हणून प्लेअर माडीवर ठेवायचा हे त्यांनीच ठरवलं. दिवसातून एकदा जिना चढायला डॉक्टरांची परवानगी होती. ती एक खेप ते गाण्यासाठी राखून ठेवायचे.

आणि आता ते पायरीवर बसत होते. मी दोनदा म्हटलं, "अण्णा, आत या ना." "असू दे, असू दे," म्हणाले. गाणं संपल्यावर कठडा धरून उठताना त्यांना किती वेळ लागतो ते मी पाठमोरी राहून ऐकायचे.

बोललेलं परत घेता येत नव्हतं, म्हणून मी टेबलाच्या मागे लागले. प्लायचं हलकं टेबल ते, बोटाने ढकललं तरी डुलणारं. रोज रात्री वाचत बसले. एलपीवरची खाच केसाएवढी, आणि खाचेच्या दोन्ही भिंतींवर जे गाणं कोरलेलं असतं ते त्याहूनही कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावं असं. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते आणि सुई त्या भिंतींना घासत, खालीवर, डावीउजवीकडे हलत जाते. सुईवर भार असतो दोन ग्रॅमच्या आसपास. सुईला तबकडीचं हलणं आणि जमिनीचं हलणं यातला फरक कळत नाही. जे हलेल ते ती आवाज म्हणून पुढे पाठवते, आणि फारच हललं तर खाच सोडून उडते. जिथे तिथे एकच सल्ला होता: वजन वाढवा. जड वस्तू सहज हलत नाही. मला तो पटला. दोन ग्रॅमच्या सुईसाठी पन्नास किलोंची बैठक करायची, आणि अण्णांनी मग घरभर कसंही चालावं.

लाकूड सांगलीत मिळालं. 2019 साली आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा कित्येक जुनी घरं आठवडाभर पाण्यात उभी होती. त्यातली बरीच पुढे उतरवली गेली, आणि त्यांच्या तुळया, खांब, चौकटी अजून वखारींतून निघतात. मला दाखवली ती सागाची तुळई सहा इंच बाय आठ इंच, बारा फूट लांब, म्हणजे बरोबर चार घनफूट. बाहेरून काळी पडलेली. एका अंगाला चिरांमध्ये राखाडी गाळ बसला होता, हात लावला की बोटाला पीठ लागल्यासारखा लागायचा. पाणी तुळईपर्यंत चढलं होतं, म्हणजे त्या घरात खाली काहीच उरलं नसणार. मला क्षणभर ती घ्यावीशी वाटेना. वखारवाल्याने कुऱ्हाडीच्या पात्याने एक कपचा उडवला, आणि आतून मधासारखा रंग निघाला, तसाच तेलकट, थोडा कातड्यासारखा वास. "पाण्यानं सागाला काय होतंय," तो म्हणाला. "शंभर वर्षं वाळलंय हे. आता ना फुगायचं ना वाकायचं." हे त्याचं म्हणणं पुढे मिस्त्रींना तितकंसं मान्य नव्हतं.

मिस्त्री मिरजेचेच. त्यांच्या दुकानापासून चार पावलांवर तंबोरे करणाऱ्यांच्या पेढ्या सुरू होतात. मिरजेत वाढलेल्या माणसाला त्या गल्लीचं वेगळं काही वाटत नाही, मलाही वाटत नसे. शाळेला जाता-येता टांगलेले भोपळे दिसायचे, एवढंच. या वेळी मात्र लाकडाच्या निमित्ताने मी तिथे तासन् तास थांबले. ज्यांच्या पूर्वजांनी हे काम सुरू केलं ते शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांची मागणी संपली तेव्हा तेच हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, लाकूड तुणीचं. एक कारागीर तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवायचं लाकडी झाकण, तासत होता. तासायचा, उचलायचा, बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा, परत तासायचा. लाकूड जितकं पातळ होत जाईल तितकं ते बोलायला लागतं, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा कुठे आहे हे त्याच्या पेराला ठाऊक होतं. मी मिस्त्रींकडे परत आले तेव्हा तुळईच्या पहिल्या फळ्या निघाल्या होत्या, सहा सेंटिमीटर जाडीच्या. मी त्यातल्या एकीवर तसंच पेर आपटून पाहिलं. ठप्प, बस्स. मिस्त्री हसले. "हे बोलायचं नाही, ताई. हे बसायचं लाकूड."

चार दुकानांच्या अंतरात एकजण लाकडाला बोलतं करत होता आणि दुसरा गप्प बसवत होता, आणि दोघंही एकाच गाण्याचं काम करत होते. ही गोष्ट मला पुढे कित्येक दिवस पुरली.

काम महिनाभर चाललं. आधी खिळे. जुन्या तुळईत मोडलेले खिळे असतात आणि करवतीच्या पात्याची धार एका खिळ्याने जाते, म्हणून मिस्त्रींनी लोहचुंबक फिरवून सतरा खिळे शोधून काढले. त्यातला एक चौकोनी होता, लोहाराने हाताने ठोकलेला. तो मी ठेवून घेतला आहे. मग रंधा. काळा थर निघत गेला तसा गाळही गेला, आणि शेवटी जमिनीवर जो भुसा पडला तो दोन रंगांचा होता, वर सोनेरी, खाली राखी. चार पाय नऊ सेंटिमीटरचे चौरस. तीन खण: वर प्लेअर, मध्ये ॲम्प्लिफायर, खाली रेकॉर्ड. रेकॉर्डचं वजन कमी समजू नये. कव्हरसकट एकेक दोन-अडीचशे ग्रॅम धरली तरी साठांचे पंधरा किलो होतात. खणाच्या प्रत्येक फळीला तीन पट्ट्या कडेला कड जोडून 45 सेंटिमीटरची रुंदी आणलेली. मी म्हटलं, पायांना घट्ट स्क्रू मारून टाकू. मिस्त्रींनी मान हलवली. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं. पावसाळ्यात एवढी फळी दोन ते चार मिलिमीटर रुंद होणार, उन्हाळ्यात परत आत येणार. शंभर वर्षं वाळलेलं असलं तरी हवेतला ओलावा ते पितंच. तिला दोन्हीकडून आवळलं तर ती फाटते. म्हणून स्क्रूची भोकं त्यांनी लांबट केली, फळीला सरकायला वाव ठेवून. आणि आडव्या पट्ट्यांची कुसवं, म्हणजे तासलेली टोकं, पायांतून आरपार काढून बाहेरून पाचर मारायची सोय केली, कारण आमचा जिना अडीच फुटांचा. उभं स्टँड त्यातून वर जाणारच नव्हतं. सुटं न्यायचं आणि वर पाचरी ठोकून उभं करायचं.

पॉलिश लाखेचं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर कापड गुंडाळून, एकावर एक पातळ हात. मिस्त्री म्हणत होते मेलामाइन करा, पाण्याला टिकतं. पण मला लाखच हवी होती. त्या जुन्या 78च्या तबकड्या लाखेच्याच असत. लाख आणि दगडाची बारीक भुकटी. जगभरच्या तबकड्यांना लागणारी बरीचशी लाख आपल्याकडच्या जंगलांतून जायची. ज्या लाखेत खाँसाहेबांचा आवाज पहिल्यांदा उमटला, त्याच लाखेचा हात त्या आवाजाच्या बैठकीवर असावा, असं मला वाटलं. याने आवाजात काडीचा फरक पडत नाही. तरीही.

पूर्ण झालेलं स्टँड वखारीच्या काट्यावर 48 किलो भरलं. मिस्त्रींच्या दोन पोरांनी ते तुकड्या-तुकड्यांनी माडीवर नेलं आणि पूर्वेच्या भिंतीला, बरोबर दोन खिडक्यांच्या मध्ये उभं केलं. शेवटची पाचर मोगरीने ठोकली तेव्हा खालच्या मजल्यावर भांडी वाजली. अण्णा खालीच होते. मी त्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं. मनात होतं, संध्याकाळी बघतील. सात वाजता ते आले, पायरीवर बसायला वाकले, आणि मी म्हटलं, "अण्णा, आज आत या. आता काही हलायचं नाही."

ते आले. तिसऱ्या पावलाला सुई उडाली.

पूर्वीपेक्षा वाईट उडाली. आधीचं टेबल थरथरून थांबायचं. हे जडशीळ स्टँड सावकाश हललं, आणि सुई दोनदा उचलली गेली. मी प्लेअर बंद केला. दीड महिन्याचं काम, तेवढे पैसे, ती तुळई, ते सगळं माझ्यासमोर लखलखत उभं होतं आणि मला त्याच्याकडे बघवेना. अण्णांकडे तर त्याहून नाही. ते खोलीच्या मध्यात उभे होते, त्या दिवशी उभे होते तसेच. मग त्यांनी खाली फळ्यांकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कड्या कशा पडल्यात बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मी जन्मल्यापासून या माडीवर वावरते आहे. जमिनीच्या फळ्या ज्या कड्यांवर बसल्या आहेत त्या कोणत्या दिशेने जातात, हे मला ठाऊक नव्हतं.

"दक्षिणोत्तर," अण्णा म्हणाले. "या भिंतीतून त्या भिंतीत. अकरा फुटांचा गाळा. तू स्टँड भिंतीला लावलंस, पण या भिंतीत कडी नाहीच. ते उभंय गाळ्याच्या बरोबर मध्यावर." मग त्यांनी माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेतली, दोन पुस्तकांवर आडवी टेकवली आणि मध्यभागी बोटाने दाबली. वाकली. टोकाजवळ दाबली. हलली नाही. "बाक मध्यात पडतो. गाळा दुप्पट केला की बाक आठपट. भार वाढवलास म्हणजे तो झोपाळ्यावर ठेवलास. झोपाळ्यावर लठ्ठ माणूस बसला म्हणून झोपाळा थांबतो होय? उलट सावकाश, लांब झोके घेतो." मी जे रात्र-रात्र वाचलं होतं त्यात हे होतं, आता आठवलं: सुईच्या दांडीची स्वतःची एक डुलण्याची गती असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा, आणि जमिनीचं हलणं त्या गतीच्या जवळ आलं की दांडी त्या तालात सापडते. मी ते वाचून पुढे गेले होते. ज्यांनी वजन वाढवायचा सल्ला दिला त्यांच्या पायाखाली सिमेंटची जमीन असणार.

"अण्णा, तुम्हाला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पट्टी पुसून जागेवर ठेवली. "कळलं होतं," म्हणाले. "पण म्हटलं, तुझं चाललंय काहीतरी."

दीड महिना ते त्या पायरीवर बसून होते, आणि मी त्यांच्यासाठी लाकूड शोधत सांगलीभर फिरत होते. चाळीस वर्षं ज्या माणसाने पूल, मोऱ्या, शाळांची छपरं उभी केली, तो माझ्या पाठीमागे दहा फुटांवर होता. मी त्याला फक्त पाय हळू टाकायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णांनी स्वयंपाकघरातून पाच वाट्या आणायला लावल्या. प्रत्येकीत काठोकाठ पाणी भरून त्या खोलीत मांडल्या: एक मध्यभागी, एक स्टँडपाशी, एक दक्षिणेच्या भिंतीजवळ, दोन उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत. "मी चालतो. तू पाण्याकडे बघ," म्हणाले. आणि ते चालले. काठी बाजूला ठेवून, एक हात हवेत तोल सांभाळत, डावा पाय जसा पडेल तसा पडू देत. मी जमिनीवर पालथी पडून वाट्या बघत होते. मधल्या वाटीतलं पाणी काठावरून सांडलं. स्टँडजवळच्या वाटीत एकात एक वर्तुळं उठली. उत्तरेच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे कड्यांची टोकं दीड फूट जाडीच्या दगडी भिंतीत शिरलेली आहेत, तिथे पाण्यावर खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब पडलं होतं. ते किंचित थरथरलं आणि परत चौकोनी झालं. "आणखी एकदा," मी म्हटलं. ते वळले आणि परत चालत आले. आणखी एकदा. चौथ्या फेरीला त्यांना दम लागला, पण ते बसायला तयार नव्हते. "जोरात टाकू का पाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "टाका." त्यांनी टाकला. आढ्यावरची धूळ माझ्या केसांत पडली.

स्टँड गोधडीवर चढवून शेजारच्या पोराच्या मदतीने फरफटत त्या कोपऱ्यात नेलं. अण्णांनी खालून त्यांची हत्यारांची पेटी मागवली. तिच्यात ओळंबा आणि पितळी टोकांची पाणसळ अजून होती. पाणसळ वरच्या फळीवर आडवी, मग उभी ठेवली. बुडबुडा जरासा डावीकडे. त्याच तुळईची एक ढलपी मी ठेवली होती, ती त्यांनी चाकूने तासून एका पायाखाली सारली. बुडबुडा मध्यावर आला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

संध्याकाळी तीच एलपी, तीच बाजू. अण्णा पायरीपाशी उभे राहिले आणि मी सुई टेकवेपर्यंत थांबले. मग आत आले. पहिलं पाऊल हलकं, दुसरं हलकं. खोलीच्या मध्यात आल्यावर त्यांनी डावा पाय त्याच्या नेहमीच्या वजनाने टेकला. गाणं पुढे चालू राहिलं. मधली वाटी उचलायची राहून गेली होती. तिच्यातलं उरलेलं पाणी हललं आणि खाँसाहेबांचा सूर त्याच्यावरून सरळ निघून गेला. अण्णा खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले. 1937 साली खाँसाहेब दूर दक्षिणेत प्रवासात असताना वारले आणि त्यांना इथे, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मीरासाहेब दर्ग्यात आणून ठेवलं. दर उरुसाला अण्णा तिथे रात्रभर ऐकत बसायचे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते बंद झालं आहे.

आता तीन महिने होत आले. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तशी स्टँडची वरची फळी जराशी आत आली आहे. कडेला नखाएवढी फट दिसते, मिस्त्रींनी सांगितली होती तेवढीच. अण्णा रोज येतात. पण अजूनही वरच्या पायरीवर आले की थांबतात, एक हात कठड्यावर ठेवून. गाणं चालू असो वा नसो, थांबतात. मी आतून म्हणते, "या, अण्णा." रोज म्हणते. मग फळ्या करकरतात.